गोणपाटातलं न उगवलेलं बी

बायको गेल्यावर घरातली कामं तीच राहिली, करणारं माणूस न्हाई एवढंच. पेरणीच्या आधी ती घरच्या सोयाबीनची उगवण बघायची. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायची, गुंडाळी करून रांजणाशेजारी ठेवायची, पाणी शिंपडत राहायची. किती कोंब आले त्यावर बियाणं किती टाकायचं ते ठरायचं. यंदा माझ्या ध्यानातच न्हवतं. सुट्टीत आलेल्या नातींनी केलं.

दोघी माझ्या पोराच्या. त्याचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान आहे. थोरली बारावी झाली, धाकटी दहावी. त्यानं दोघींना एकाच क्लासात घातलेलं, दोघी इंजिनियर व्हाव्या म्हणून. थोरली म्हणे, मला सायन्सच्या कॉलेजात जायचंय, झाडापाल्याचं शिकायचंय. त्यावरून बापलेकीचं बोलणं बंद झाल्तं आणि प्रवेशाची मुदत जवळ आल्ती. पोरगा मला फोनवर म्हणला, "दादा, ती तुमचंच ऐकती. समजावा जरा." मी म्हणलो, बघतो. मला तेव्हा कशाचंच काही वाटत न्हवतं. भाकर समोर आली की खायची, ताट उचललं की हात धुवायचे.

गोणपाट ओसरीत उलगडलं. निम्म्याच्या जरा वर उगवलं होतं, बाकी तसंच. धाकटीनं मोजलं, बोटांवर हिशेब केला. "आबा, यंत्राचं बी पडायचं भोक मोठं करू. जास्तीचं बी टाकलं की रोपं बराबर येतील." आणि पान्हा घेऊन पेरणी यंत्राकडं गेली.

थोरली न उगवलेले दाणे निवडत बसली.

"काय करून राह्यलीस, माय?"

"हे का मेले ते बघून राह्यले."

धाकटी अंगणातून म्हणली, "पोस्टमार्टेम चालू झालं. पीक निघंल तवर हिचा रिपोर्ट येतोय."

"तू पान्हा फिरव."

तिनं दाणे ब्लेडनं चिरले. मंग वरच्या पोत्यातले वेगळे, खालच्या पोत्यातले वेगळे असे कोरडे दाणे आणले आणि दोन वाट्यांत पाणी घालून ठेवले. खालच्या पोत्यातले दाणे जल्दी फुगले. म्हणली, साल फुटलेली आहे, म्हणून पाणी लगेच आत शिरतं. मला विचारलं, "आबा, ही पोती कोणी लावली?"

मी सांगितलं. मळणीच्या वेळी तुझी आजी जालन्याला दवाखान्यात होती. मी तिच्या उशाशी. इकडं गड्यांनी ट्रॉलीतून पोती धाडधाड टाकली आणि आढ्यापर्यंत थप्पी मारली. दरसाल ती दारात उभी राहायची. पोतं टाकू द्यायची न्हाई, ठेवायला लावायची. एकावर एक चढवू द्यायची न्हाई. गडी म्हणायचे, "काकू, पोत्यात काय तान्हं लेकरू हाये का?" ती म्हणायची, "हाये. सावकास."

थोरली म्हणली, आपटल्यानं आणि वरच्या वजनानं साल फुटली. धाकटी येऊन म्हणली, "पण याचा यंदाच्या पेरणीला काय उपयोग?" काही न्हाई. तिचं खरं होतं. पेरणी तिच्याच हिशेबानं झाली.

दवाखान्यात मी विचारलं होतं, हिला हे कशानं झालं. डॉक्टर म्हणले, वय झालं. मी तेवढ्यावर सोडून दिलं. थोरलीनं दाण्यालासुद्धा वय झालं म्हणून सोडलं न्हाई.

पोरगा आला तेव्हा त्याला म्हणलो, या दोघींना एका बाकावर बसवू नको. धाकटीला मोडलेलं काहीतरी दे आणि सांग, परवापर्यंत चालू पाहिजे. चुकलं तर तिथंच कळंल अशा ठिकाणी तिला ठेव. थोरलीला तारीख देऊ नको. तिला एकच गोष्ट दे, आणि उत्तर माहीत असलेला माणूस जवळ ठेवू नको. तुझ्या क्लासात चार उत्तरं आधीच छापलेली असतात. पाचवं असलं तर तिनं कुठं लिहायचं?

"दादा, तुम्ही चौथी शिकलेले."

"व्हय. म्हणून सांगून राह्यलो. मला कोणी शिकवून बिघडवलं न्हाई."

तो म्हणला, धाकटीला उद्या नोकरी लागंल, हिचं काय? मी म्हणलो, माहीत न्हाई. तुझी आई असती तर तिनं दारात उभं राहून सांगितलं असतं, सावकास ठेव. त्यानं चपला घातल्या. मंग जाताना थोरलीला म्हणला, "चल, बॅग भर. कॉलेज बघून येऊ."

सोयाबीन बरं आलं. यंदा मी दारात उभा होतो. पोती एकेक करून मधल्या खोलीत ठेवायला लावली, तिची बाज होती तिथं. जागा मोकळीच होती.

परवा थोरलीचा फोन आल्ता. "आबा, उगवण बघितली का?"

"न्हाई. गोणपाट धुऊन ठेवलंय. तू आल्यावर बघू."