फणसावरून तुटलेलं सुतक

वडील गेले तेव्हा कळवायला कुणी नव्हतं. मी लग्न केलं नाही, भावंडं नाहीत. फोन हातात घेऊन बराच वेळ बसलो आणि शेवटी दूधवाल्याला उद्यापासून एक पिशवी कमी टाकायला सांगितलं. त्यानंतर मला आमचं घराणं शोधायची खोड लागली.

सुरुवात नौपाड्यात केली, आमच्या गावच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात. स्टेजमागे वंशवृक्षाचा भलामोठा फ्लेक्स होता. सगळ्यात वर मूळपुरुष: फेटा, मिशा, उपसलेली तलवार. आमच्या गावात पूर्वापार उपसलं गेलं ते विहिरीचं पाणी. शाल-श्रीफळं वाटून होईपर्यंत सगळ्या फांद्या वाचून काढल्या. माझ्या आजोबांचं नाव कुठेच नव्हतं.

"जागाच उरली नाही हो," अध्यक्ष म्हणाले. "मूळपुरुषाचा घोडासुद्धा कापावा लागला."

म्हणून तळकोकणात गावी गेलो. आमच्या पडक्या जोत्याशेजारच्या अंगणात एक म्हातारी काजूच्या बिया वाळत घालत होती. मी नाव सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आमचां सुतक तुका येता मा?"

तिथला हिशेब साधा आहे. कुणी वारलं की भाऊबंदांनी दहा दिवस देवपूजा आणि गोडधोड बंद ठेवायचं. ज्याचं सुतक येतं तो आपला, बाकीचे नुसते आडनावाचे. मला येतं की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं.

"नाय येणा," तिनेच उत्तर दिलं. "तुज्या आज्यान फणसावरसून भांडान तोडल्यान."

ज्यावरून आजोबांनी भावकी तोडली, ते फणसाचं झाड कधीच पडून गेलं होतं. पुन्हा जोडायचं तर भावकीतल्या थोरल्याने हो म्हणायला हवं आणि तो थोरला, म्हणजे माझा लांबचा काका, कल्याणला मुलाकडे असतो, असं ती म्हणाली.

कल्याणला बाजारामागच्या एका खोलीत काका कॉटवर पडून होते. माझं काम ऐकून त्यांना हसू आलं.

"लोक लग्नाचं आमंत्रण मागतात. तू सुतक मागायला आलास?"

"लग्नाला काय, शेजाऱ्यांनाही बोलावतात."

"देव मानतोस?"

"नाही."

"मग रे? पूजाच करत नाहीस तर बंद काय ठेवणार?"

युक्तिवाद बिनतोड होता. मी चहाचा कप तोंडाला लावला.

"बाबा, उगाच छळू नका त्यांना," सून म्हणाली.

"छळतोय कुठे? याचा आजा असाच. उत्तर सुचलं नाही की चहा प्यायचा." मग त्यांनी कूस बदलली. "बघू," म्हणाले. मी सुनेकडे माझा नंबर ठेवून वर्तकनगरला घरी परत आलो. बघू म्हणजे नाही, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

श्रावणात एका सकाळी काकांच्या सुनेचा फोन आला. "भाऊजी, बाबा गेले. तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं त्यांनी."

भाऊजी! आजवर मला या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

"सुतक?" मी विचारलं.

"धरा," ती म्हणाली.

कल्याणला जाऊन खांदा दिला, घरी येऊन आंघोळ केली. पाळायचं म्हणजे नक्की काय, ते कळेना. बंद ठेवण्यासारखं घरात फारसं काही चालू नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी सत्यनारायणाचा शिरा घेऊन आल्या.

"मला चालणार नाही," मी म्हणालो. "सुतक आहे."

"अगं बाई! तुमचं कोण होतं?"

त्यांच्या मनात टोमणा नव्हता. इतकी वर्षं माझ्या दाराशी पाहुण्याची चप्पल त्यांनी पाहिली नव्हती.

"काका," मी म्हणालो.

त्या वाटी घेऊन वळल्या. मी त्यांना थांबवलं आणि कल्याणचा नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून दिला.

"मला काही झालं तर इथे कळवा."

"असं काय अभद्र बोलता हो?"

"त्यांना सुतक येतं," मी म्हणालो.