कप्पीची दोरी

फिजिओथेरपीच्या खोलीत छताला दोन कप्प्या टांगल्या आहेत. चांगल्या हाताने दोरी खाली ओढली की दुसऱ्या टोकाला धरलेला आखडलेला हात वर जातो. माझ्या शेजारच्या कप्पीवर एक मावशी असतात. दोरी ओढताना त्या "आई गं, मेले!" म्हणून सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडतात, पदराने डोळे पुसतात आणि पुन्हा दोरी धरतात.

मी ओरडत नाही. सध्या मी ग्रीक स्टोइक तत्त्ववेत्त्यांविषयी वाचतोय. दुखणं आपल्या हातात नसतं, त्याला सामोरं कसं जायचं ते असतं, असं ते सांगतात. मला हे फारच पटलंय. त्यामुळे मावशी कळवळल्या की मी डोळे मिटून शांत बसतो आणि, खरं सांगायचं तर, मनातल्या मनात त्यांना थोडे कमी मार्क देतो.

आज डॉक्टरबाईंना विचारलं, "मावशींचा हात कानापर्यंत गेला, माझा अजून खांद्याशीच कसा?"

"काका, दुखायला लागलं की तुम्ही थांबता," त्या सहज म्हणाल्या. "मावशी तिथून पुढे ओढतात."

माझी कानशिलं तापली. इतके दिवस शांत राहायला मला काही सोसावंच लागलं नव्हतं. मी दोरी धरली आणि नेहमीच्या जागेच्या पुढे ओढली. खोलीभर घुमलेली किंकाळी माझीच होती, हे कळायला क्षणभर वेळ लागला.

"ओढा, भाऊ, ओढा," शेजारून मावशी म्हणाल्या. "ओरडलात तरी इथे कोणी हसत नाही."