तेवीस नंबरच्या पोर्टावरचं नाव

सर्व्हर रूमच्या दाराला कोणी लिंबू-मिरची बांधली की मी ती काढून फेकायचो. दोनदा फेकली. नजर, भानामती, करणी... यातलं काहीही मी कधी मानलं नाही, आणि आजही मानतो असं म्हणणार नाही. पण एक गोष्ट वीस वर्षं पोटात आहे. बायकोलाही सांगितलेली नाही. इथे मला कोणी ओळखत नाही, म्हणून सांगतो.

दोन हजार तीन-चारचा सुमार. जालन्यात औरंगाबाद रोडवरची एक बियाणं कंपनी, नाव सांगत नाही. तिथलं नेटवर्क मी सांभाळायचो. गोडाऊन, लॅब, अकाउंट्स, ट्रकांचं गेट — सगळ्यांच्या वायरी पहिल्या मजल्यावर एका लोखंडी कपाटात यायच्या. कपाटात चोवीस पोर्टांचा एक स्विच. एका पोर्टात एक वायर, एवढंच समजा.

दिलीप माझ्या हाताखाली आला. तीर्थपुरीचा. वायरीच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायला त्याला मीच शिकवलं. माझी एक खोड होती — तयार वायरीच्या दोन्ही टोकांना काळ्या टेपचा एकेक वेढा द्यायचा. दिलीप हसायचा. ‘‘दादांच्या वायरीला नजर लागत न्हाई, बिलकुल.’’

मग तो माझ्या पुढे गेला. कधी, ते मला नक्की सांगता येतं. लॅबचं नेटवर्क रखडत होतं. मी दोन दिवस राउटर उघडून बसलो होतो. हा जेवून आला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘‘एक टोक फुल डुप्लेक्सवर हाय, दुसरं हाफवर. एक जण समोरच्याचं ऐकूनच घेऊन न्हाई राह्यला.’’ सेटिंग बदलली, लॅब पळायला लागली. लॅबमधल्या मॅडम टाळ्या वाजवत होत्या. तो त्यांना म्हणाला, ‘‘दादांनीच निम्मं काम करून ठेवल्तं.’’

हे वाक्य मला जास्त लागलं. त्याने फुशारकी मारली असती तर बरं झालं असतं.

त्याने स्विचमध्ये प्रत्येक पोर्टाला नाव दिलं. इंग्रजी अक्षरं, पण नावं मराठी — ‘काळे मामा गेट’, ‘लॅब खिडकीजवळ’, ‘अकाउंट्स मावशी’. मी वर्षानुवर्षं नुसत्या नंबरांवर काम केलेलं.

‘‘पोर्टांचं बारसं घालतोस का रे?’’

‘‘घुगऱ्या तुमी आणा, दादा.’’

सगळे हसले. मीही हसलो. यादीचा प्रिंट त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बावीस नावं. तेवीस आणि चोवीससमोर लिहिलेलं — ‘रिकामा’.

पुढे हैदराबादच्या हेड ऑफिसने फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या घुसखोराला अडवणारं यंत्र, बसवायची ठरवली. एकाने तिकडे ट्रेनिंगला जायचं आणि आल्यावर सगळा चार्ज घ्यायचा. मॅनेजर चौधरी साहेबांनी माझ्यासमोरच दिलीपला विचारलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फायरवॉल जोडायचा दिवस मे महिन्यातला होता, ट्रेनिंगच्या आधीचा. पेरणीच्या तोंडावरची वेळ, गेटवर ट्रकांची रांग. स्विचमध्ये एक सोय असते — चुकून एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये लागली तर फेरा होतो आणि सगळं नेटवर्क बंद पडतं; ही सोय चालू असली तर स्विच तो फेरा स्वतःच तोडतो. जोडणीसाठी दिलीपने ती सकाळी बंद केली आणि मला येऊन सांगितलं, ‘‘दादा, ती सेटिंग बंद हाय बरं. संध्याकाळी चालू करतो.’’

दुपारी सगळे जेवायला गेले. मी कपाट उघडलं. एक आखूड वायर घेतली, तिचं एक टोक तेवीसमध्ये आणि दुसरं चोवीसमध्ये खुपसलं. अर्ध्या मिनिटात स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले. गेट बंद, अकाउंट्स बंद, हैदराबाद बंद.

माझा बेत साधा होता. सगळे हवालदिल झाले की मी जायचं आणि दोष शोधून काढायचा. पण तीन तासांनी मी कपाटापाशी गेलो, तेव्हा दिवे शांत होते. वायर तिथे नव्हती.

चौधरी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. उन्हात तापलेले ड्रायव्हर खाली ओरडत होते.

‘‘कोणाचं काम हे?’’

दिलीपने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘‘सेटिंग मी बंद केल्ती, साहेब.’’

ते खरंच होतं. मी गप्प बसलो. त्या महिन्याअखेर त्याला काढलं. हैदराबादला मी गेलो.

परत आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? ती बावीस नावं पुसली. सेव्ह केलं नाही तर लाईट गेल्यावर स्विच नवं सगळं विसरतो, म्हणून सेव्ह केलं आणि दोनदा तपासलं. पासवर्डही बदलला. तो फक्त मला माहीत होता.

आठवड्याने भर दुपारी लोडशेडिंगमध्ये यूपीएस बसला. लाईट आल्यावर मी स्विच तपासायला लॅपटॉप जोडला. बावीसही नावं परत. काळे मामा, मावशी, सगळी. आणि तेवीस नंबरला नवं नाव होतं... ‘दादा’.

मी दारावरचा प्रिंट बघितला. तेवीस — रिकामा. म्हणजे जुनी सेटिंग परत आली म्हणावं, तर त्या जुन्या यादीत हे नाव नव्हतंच. बाहेरून कोणी घुसलं म्हणावं, तर त्या स्विचपर्यंत बाहेरून रस्ताच नव्हता. मी पुन्हा पुसलं, सेव्ह केलं. पुढच्या वेळी लाईट गेली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेनंतर मी पुसणं सोडलं. तीन वर्षं रोज ते कपाट उघडून काम केलं.

कंपनीने नवा स्विच घेतला तेव्हा जुना भंगारात जाणार होता. तो मी मागून घरी आणला. आणि पुढच्या रविवारी राजूरला गेलो. दिलीपने तिथे देवळाच्या रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकल्याचं कानावर आलं होतं.

त्याने मला बसवलं, घरातून चहा मागवला. मी एका दमात सगळं सांगितलं. त्याने टेबलाचा खण ओढून एक आखूड वायर काढली आणि माझ्यासमोर ठेवली. दोन्ही टोकांना काळ्या टेपचा वेढा.

‘‘त्याच दिशी वळखली, दादा.’’

‘‘मंग बोलला का नाहीस?’’

‘‘तुमीच शिकवल्तं वायर करायला. तुमचीच वायर साहेबाला कशी दाखवू? म्या वाट पाहून राह्यलो होतो... तुमी बोलताल म्हणून.’’ मग हसला. ‘‘आले ना आज. झालं, बराबर.’’

तेवीस नंबरचं विचारलं, तर त्याला काही कळेना. ‘‘तो तर रिकामाच होता की! म्या कशाला तुमचं नाव लिहू?’’

दुकानात तेवढ्यात चार गिऱ्हाइकं येऊन गेली. सगळी त्याला नावाने हाक मारत होती. त्याची बायको मला जेवून जा म्हणून आग्रह करत होती. तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात काय आलं, तेही आज सांगून टाकतो. मला पुन्हा त्याचा हेवा वाटला. मनाचा मोठेपणा दाखवायची पाळीसुद्धा त्याच्याच वाट्याला आली, माझ्या नाही.

घरी येऊन, हातपाय न धुता, मी तो स्विच जेवायच्या टेबलावर चालू केला. बावीस नावं गेली होती. मी न पुसता. एक ते बावीस, स्वच्छ कोरं.

तेवीस नंबरला ‘दादा’ तसंच होतं.

स्विच आता माळ्यावर आहे. पुन्हा चालू केलेला नाही. चिप खराब असेल, असं मी कित्येकदा स्वतःला सांगितलं. पण खराब चिप बावीस नावं सोडून नेमकं एकच का धरून ठेवते, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही... आणि मीही कोणाला विचारलेलं नाही.