अधांतरी पाण्याचं रसग्रहण

आता तुम्हीच सांगा, दिवसाला जेमतेम चार वाक्यं बोलणारी माझ्यासारखी बाई माईकपुढे उभी राहिली तर काय होईल? फार तर तिचा घसा बसेल, असं मलाही वाटलं होतं.

लग्न होऊन तलवाड्याकडच्या या गावात मी नुकतीच आले होते. येताना माहेरची एक खोड बरोबर आणली होती: सिनेमांची परीक्षणं वाचायची. नाचगाण्यांच्या सिनेमांची नव्हे हं! ते छोटे, गंभीर सिनेमे असतात ना, बीडच्या टॉकीजपर्यंत कधी पोचतच नाहीत, त्यांची. सिनेमा बघायला मिळो न मिळो, मतं मात्र पाठ! आणि गंमत बघा, एकाच सिनेमाला एक समीक्षक कविता म्हणतो, दुसरा झोपेचं औषध. खरं कोण बोलतंय, याचं मला भारी कुतूहल.

सासरे, म्हणजे आमचे मामंजी, गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. त्या दुष्काळात सोसायटीनं जनावरांसाठी पाण्याचा टँकर लावला होता. पण तो वरच्या आळीतच रिकामा व्हायचा. खालच्या वस्तीच्या मेंढरांच्या वाट्याला नुसता हॉर्न! वार्षिक सभेत ही वस्ती तुटून पडणार, हे मामंजींना पक्कं ठाऊक होतं.

"सूनबाई, तुमी पिक्चरचं लई वाचता म्हणं," ते मला म्हणाले. "सभेच्या आधी दाखवू एखादा. माणसं गार झाली पाह्यजेत बगा!"

या घरात पहिल्यांदाच कुणी माझं मत विचारलं होतं! मी ऐटीत सिनेमा सुचवला. कशावरचा? दुष्काळावरचा! हसू नका. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. त्यातल्या एकाचं तर म्हणणं होतं की या दिग्दर्शकाची खरी ताकद तो कॅमेरा थांबवतो तिथं दिसते. हे मी ठेवणीतल्या पैठणीसारखं मनात जपलं होतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये पांढरी चादर बांधली. आमच्या ह्यांनी लॅपटॉप जोडला. सिनेमा सुरू झाला. एक बाई घागर घेऊन चालली. चालतच राहिली. लोक जांभया देईपर्यंत चालली. शेवटी एकदाचा टँकर आला, पाइप सुटला, धार घागरीकडे झेपावली आणि घागरीच्या वर वीतभर तिथंच थांबली. अधांतरी! आवाजही बंद.

"पाणी खाली कावून पडंना?" पुढं बसलेल्या गंगूबाईंनी विचारलं. खालच्या वस्तीवर मेंढरं राखणाऱ्या या म्हाताऱ्या बाईंची नजर धारेवरून हलत नव्हती.

माझ्या अंगावर काटा आला. हाच तो थांबलेला कॅमेरा!

तेवढ्यात ह्यांचा हात लॅपटॉपकडे गेला. आणि चारचौघांत नवऱ्याकडे मान वर करूनही न बघणारी मी चक्क खेकसले, "हात लावू नका! हेच तर बघायचंय!"

"अगं, पण ते..."

"तुम्हाला नाही कळायचं!"

मामंजींनी कौतुकानं माईकच माझ्या हातात दिला. "सांगा, समजावून सांगा समद्यांला."

मग काय विचारता! सुटलेच मी. "बघा, पाणी दिसतंय, पण घागरीत पडत नाही. हाच खरा दुष्काळ! दिग्दर्शकानं आवाजसुद्धा काढून घेतलाय. तो आपल्याला विचारतोय, हे पाणी अडवलं कुणी?"

मग मागून एकजण गरजला, "चेअरमननं!"

"बराबर हाय! आमचा टँकर बी असाच वरच्या वर अटकायलाय!"

"घरची सून खरं बोलायली! आता तरी ऐका, चेअरमनसाहेब!"

टाळ्या! शिट्ट्या! मामंजींचा चेहरा मागच्या चादरीला मॅचिंग. शेवटी उठून त्यांना हात जोडावेच लागले. "उद्यापास्नं पहिली खेप खालच्या वस्तीला. झालं समाधान?"

मी गड जिंकल्यासारखी खाली बसले. ह्यांनी गुपचूप एक बटण दाबलं. धो धो धो! घागर भरली, वाहिली, आणि पडद्यावरची ती बाई चिंब भिजून खदाखदा हसायला लागली.

"लॅपटॉप हँग झाला होता," हे माझ्या कानाशी लागले. "तेच सांगत होतो मघापासून."

धरणी दुभंगेल तर शपथ! दुष्काळात भेगा पडलेल्याच होत्या, पण माझ्या मापाची एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी टँकर खरोखरच खालच्या वस्तीवर गेला. मामंजी माझ्याशी बोलत नव्हते, तरी माझं कुतूहल काही स्वस्थ बसू देईना. शहरातल्या समीक्षकांचं राहू दे, ज्यांनी सिनेमा खरोखर बघितला त्यांचं मत काय? मी टँकरमागं वस्तीवर गेले आणि रांगेतल्या गंगूबाईंना गाठलं.

"गंगूबाई, खरं सांगा, सिनेमा कसा वाटला?"

"बरा होता की." गंगूबाईंनी घागर पाइपखाली सरकवली. "पर पोरी, एक सांगू का? राग मानू नगं. तू बोलत व्हतीस तवर पाणी वरच लोंबकळत ऱ्हायलं. तू खाली बसलीस अन् भडाभडा पडलं."

पाइपातून पाणी सुटायच्या बेतात होतं. त्यांनी माझा दंड धरून मला हळूच बाजूला केलं.

"आता समद्या घागरी भरेस्तोवर तेवढं गप ऱ्हा, बाई."