घरून जाऊन यायचं

मनस्वीवर अन्याय झाला तो सातवीच्या सहामाही परीक्षेत, गणिताचा पेपर चालू असताना. तिने दोन बोटं वर केली. बाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "घरून जाऊन यायचं."

ती बसून राहिली. थोड्या वेळाने तिचा स्कर्ट मागून खराब झाला. शेजारची उठली, मागच्यांनी नाकं धरली, कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बाईंनी तिला एका मैत्रिणीबरोबर घरी पाठवलं आणि वर्गाला सांगितलं, "पेपरात बघा." त्या दिवसापासून मनस्वी शाळेत यायची बंद झाली.

या बाई मला आवडायच्या, हे आधीच सांगून टाकते. त्या आमच्या मुख्याध्यापिका. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि आता मुलींच्या आरोग्याची पत्रकं वाटत मुरुडच्या आसपासच्या गावांतून फिरते. त्यांचं नाव लिहीत नाही. तुमच्या गावातही अशा एक बाई असतील, त्यांचं नाव घाला.

बाई सुपारीच्या वाडीतल्या. साडी कडक इस्त्रीची, पावसाळ्यात खाली गमबूट. कोळीवाड्यातली एखादी मुलगी बोंबील वाळत घालायला घरी राहिली तर बाई स्वतः तिच्या दारात जायच्या. "बोंबील पळून जात नाहीत, सातवी पळून जाते," म्हणायच्या आणि मुलीला हाताला धरून घेऊन यायच्या. आमच्यातल्या कितीतरी जणी बाई अशा दारात उभ्या राहिल्या म्हणून शिकल्या.

पण मुलींचं शौचालय म्हणजे बाईंची तिजोरी. निळ्या फरश्या, आरसा, बाटलीत मनीप्लांट आणि दाराला कुलूप. चावी बाईंच्या पर्समध्ये, वेलदोड्याच्या डबीशेजारी. स्वच्छतेच्या स्पर्धेत शाळेला ढाल मिळाली ती याच खोलीमुळे. पाहणीला आलेल्या साहेबांनी चहानंतर हळूच विचारलं, "मॅडम, जरा जाऊन आलो असतो…" बाई हसून म्हणाल्या, "साहेब, पुढे स्टँडवर सोय आहे."

हा किस्सा गावात अजून हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही. वापरलं की घाण होतं, म्हणून वापरायचंच नाही, आणि त्यासाठी ढाल. आत कोणी जात नाही हे साहेबांनी स्वतः पाहिलं, तरी अहवालाखाली सही केली. मुली सकाळी बाटल्या भरून आणायच्या आणि संध्याकाळी तशाच भरलेल्या घरी न्यायच्या. मधल्या सुट्टीत कुरकुरे खायच्या, वर पाणी नाही.

घरून जाऊन यायचं म्हणजे कुठून? मनस्वीची आई पहाटेच मासळी घ्यायला जेट्टीवर जाते. बाप होडीवर. आळीत सामायिक संडास, त्याच्यासमोर रांग आणि तिकडे एसटी सुटायची वेळ. मनस्वी चहा-पाव खाऊन पळायची. दिवसभर दाबून धरायची. संध्याकाळी घरी आली की शी लागतच नव्हती. पुढे झाली तरी खडा, दुखायचं, रक्त यायचं. दुखतं म्हणून ती आणखी दाबून धरायची. हे वर्षभर चाललं होतं. हे ती कोणाशीही बोलली नव्हती. अशा गोष्टी आपल्याकडे बोलतात कुठे?

परीक्षेनंतर मी तिच्या घरी गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. चड्डीला डाग पडायचे थांबले नव्हते.

"जुलाब हाय तिला," आई म्हणाली. "मेडिकलातनं बंद व्हायच्या गोळ्या आनल्या. पेजेबिगर काय देत न्हाय."

"आणि पोटात दुखतं ते?"

"बेंबी सरकली आसंल. मावशीनं चोळून दिली."

शेजारीण दारातूनच म्हणाली, "काय न्हाय सरकली. शाळंत जायला नको, म्हनून नाटकं."

मी मायलेकींना घेऊन अलिबागच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होती. तिने मनस्वीला आडवं केलं, पोट हळूहळू दाबलं, ताप आणि उलटीचं विचारलं. डाव्या बाजूला खाली तिचा हात थांबला.

"हिला जुलाब नाहीत. बद्धकोष्ठ आहे. सगळं आत साठून घट्ट झालंय."

आई भडकली. "न्हाय कसं? पातळ व्हतंय तिला. कपडं मी धुते, तुमी धुता काय?"

डॉक्टर रागावली नाही. "तुमच्या मोरीत खवलं अडकली की काय होतं?"

"तुंबते."

"आणि तरी पाणी?"

आई म्हणाली, "कडंकडंनं झिरपतं."

"तेच हिच्या पोटात चाललंय. घट्ट आहे ते तिथेच आहे, पातळ बाजूने गळतंय. ते तिला कळतसुद्धा नाही, त्यामुळे रोखता येत नाही. तुम्ही बंद व्हायच्या गोळ्या दिल्यात, म्हणजे मोरीत आणखी बोळा कोंबलात."

आईने मनस्वीच्या केसांवरून हात फिरवला. "डाग पडलं म्हनून मी मारलं गं तुला," एवढंच म्हणाली.

शी मऊ करायचं औषध मिळालं. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही, काही महिने लागतील, असं डॉक्टरने बजावलं. जेवणानंतर घाई न करता बसायचं. पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत, खाली टेकवायचे. पाणी, भाकरी, पालेभाजी, फळं. डाग पडला तर ओरडायचं नाही. "आणि लागली की लगेच जायचं. शाळेतसुद्धा. ते नसेल तर माझ्या औषधाचा उपयोग नाही."

तिथून मी थेट बाईंच्या घरी गेले. त्या पडवीत सुपारी कातरत बसल्या होत्या.

"बाई, कुलूप काढा."

"आलीस का पत्रक घेऊन? बस. शिपाई नाही, नळाला पाणी नाही. घाण झाली की तपासणीला मलाच उभं करतात. तुला कोण बोलणार आहे?"

"मनस्वी आजारी आहे."

"आम्ही नाही का धरून ठेवलं? माझी पहिली शाळा डोंगरावर. आडोसासुद्धा नव्हता. सकाळी घोटभर चहा, मग संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. सवय लागते."

आतून त्यांचे यजमान म्हणाले, "लागली ना सवय. म्हणून गेली तीस वर्षं घरात एरंडेलाचा वास आहे."

"तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या. पण अडकित्ता खाली ठेवला. मी डॉक्टरचं बोलणं सांगितलं, पेपराच्या दिवशी गळलं ते मनस्वीला कळलंच नव्हतं हेही सांगितलं. बाईंनी कातरलेली सुपारी डबीत भरली. मग विचारलं, "जेवते का पोर?"

दुसऱ्या दिवशी त्या कोळीवाड्यात गेल्या. कडक इस्त्रीत, आळीतल्या संडासाच्या रांगेला वळसा घालून. मनस्वीच्या शेजारी खाली बसल्या. माफी मागायला त्या कुठे शिकल्या होत्या? म्हणाल्या, "शाळेत ये. चावी तुझ्याकडे ठेव."

मनस्वी भिंतीकडे बघूनच म्हणाली, "मग बाकीच्या माझ्याकडे मागतील. कुलूपच काढा ना, बाई."

बाईंनी कुलूप काढलं. नळ कोरडाच होता, म्हणून मधल्या सुट्टीत स्वतः दोन बादल्या भरून दारापाशी उभ्या राहू लागल्या. फरशीवर चिखलाचे पाय उमटले, मनीप्लांट कोणीतरी पाडला. बाईंची जीभ शिवशिवायची, मला दिसायचं. मनस्वी आत गेली की मात्र त्या मैदानाकडे तोंड करून मोठ्याने म्हणायच्या, "सावकाश. घंटा माझ्या हातात आहे."

मनस्वी परत हसायला लागली. वार्षिक परीक्षेत भूमितीत बाईंशी भांडून अर्धा मार्क मिळवला.

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे पनवेलला गेल्या. जूनमध्ये नवे मुख्याध्यापक आले. पाहणी होणार असं कळल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? कुलूप नवीन आणलं, जुन्यापेक्षा मोठं. मनस्वीने पाणी प्यायचं सोडलं. पोट पुन्हा दुखतंय, औषध पुन्हा वाढवलंय. मी अर्ज दिला तर सर म्हणाले, "शाळेत शौचालय आहे, मॅडम. रेकॉर्डला आहे."

परवा बाईंचा फोन आला. "पोर जाते का नीट?"

मी खरं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मी तिकडे नाही आता. तू आहेस ना?"

मी आहे. पण मी एकटी दारात उभी राहिले की सर मला पत्रकवाली म्हणतात आणि फाटकाबाहेर काढतात. तुम्ही पालक आहात, तुम्हाला हाकलता येत नाही. उद्या मधल्या सुट्टीत आपल्या मुलांच्या शाळेत जा. शौचालय आहे का, असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. दार ढकलून बघा, नळ सोडून बघा. कुलूप असेल तर ते निघेपर्यंत तिथून हलू नका.