बँजो शेकणारी बायको

बहरीनमध्ये राहणाऱ्या संगमेश्वरच्या माणसाला अमेरिकेतल्या डोंगरी लोकांचा बँजो आवडू नये, असा सरकारी कायदा कुठेही नव्हता. फक्त आमच्या घरात होता.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सौदीला जाणारा पूल अजून व्हायचा होता. मी मनामातल्या एका वर्कशॉपमध्ये एसी मेकॅनिक होतो आणि मी, बायको सुनंदा आणि आठ वर्षांची शुभा असे आम्ही तिघं मुहर्रकला दोन खोल्यांत राहत होतो. विमानतळ इतका जवळ की विमान उतरलं की ताटातली आमटी थरथरायची.

एकदा एका अमेरिकन साहेबाच्या व्हिलात एसीत गॅस भरत होतो. आतून टेपवर कसलीशी तार वाजायला लागली. वाजायला लागली म्हणजे काय, धावायलाच लागली! तिच्या मागे फिडल धावतंय, गिटार धावतंय आणि ती कुणाच्या हाती लागत नाही! मी ऐकत बसलो आणि गॅस नको इतका भरला. साहेबाने रागवायचं सोडून ती कॅसेटच माझ्या हातात ठेवली. संगीताचं नाव ब्लूग्रास, वाजवणारा वेंडल टॅगर्ट.

घरी येऊन मी कौतुकाने सांगितलं, "ब्लूग्रास म्हणजे निळं गवत."

"मग गुरांना घाला," सुनंदा म्हणाली.

कॅसेट लावल्यावर दुसऱ्या मिनिटाला ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, हे गाणं आहे की डब्यात खडे घालून कोण जिना उतरतंय?"

तेव्हापासून टॅगर्ट फक्त ती घरात नसताना वाजायचा. शुभा त्याला "बाबाज नॉइज" म्हणायची. (इंग्रजी शाळेत घातल्याचे हे फायदे.)

अशी काही वर्षं गेली आणि एका सप्टेंबरात कोल्ड स्टोअरच्या (तिकडे वाण्याच्या दुकानाला असंच म्हणतात) काचेवर मला टॅगर्टचा फोटो दिसला. शुक्रवारी दुपारी चार वाजता, अदलियात, अबू खलीलच्या कॅफेत! मी तीनदा वाचलं. मग दुकानदाराला वाचायला लावलं. त्याच्या डोळ्यांनाही तेच दिसत होतं.

अबू खलीलचं कॅफे म्हणजे चाळीस खुर्च्या आणि छतावर एक एसी. तो एसी आमच्याच वर्कशॉपकडे होता! मी त्याच दिवशी हट्टाने स्वतः जाऊन त्याची सर्व्हिसिंग केली. आनंदाने गुणगुणत केली. (पुढच्या सगळ्या आपत्तीचं मूळ या गुणगुणण्यात आहे.)

"अबू खलील, अब दो साल देखना नहीं!" मी छातीवर हात मारून सांगितलं.

"इंशाल्ला," तो म्हणाला. बिचारा.

शुक्रवारी मी इस्त्रीची पँट घातली. सुनंदाने नारायणपेठी काढली. बँजोसाठी नव्हे. "ट्रंकेत पडून पडून घडीवर विरेल ती," एवढंच कारण. वर्कशॉपच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर आम्ही तिघं, मागे माझी हत्यारांची पेटी, असे निघालो.

टॅगर्ट म्हणजे उंच, रुबाबदार, मोठ्या टोपीचा माणूस असणार असं मी धरून चाललो होतो. स्टुलावर येऊन बसला तो किडकिडीत म्हातारा. मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. आमच्या गावचा पोस्टमास्तर रिटायर होऊन बँजो घेऊन बसलाय म्हणा! शेजारी एक फिडलवाला, एक गिटारवाला. आम्ही पहिल्या रांगेत, त्याच्यापासून सहा फुटांवर.

त्याने बोटांत पत्र्याच्या नख्या चढवल्या, मान हलवली आणि सुरू केलं. माझ्या अंगावर काटा आला. तीच तार, तीच धाव, पण आता समोर, जिवंत! मी सुनंदाकडे बघितलं. ती घड्याळाकडे बघत होती.

पहिला तुकडा संपायच्या आत वर छतावर काहीतरी गचकलं. एसीने एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि तो बंद पडला.

काउंटरमागून अबू खलीलने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आजही विसरलेलो नाही.

"मुहान!" (मोहनचं त्याने पहिल्या दिवसापासून मुहान केलेलं.) "ये क्या? तुम बोला दो साल!"

"दो मिनिट, अबू खलील! खाली दो मिनिट!"

सप्टेंबरची बहरीनची हवा ज्याने खाल्ली आहे त्याला दोन मिनिटं म्हणजे काय ते कळेल. समुद्राचा अर्धा भाग हवेतच असतो. चाळीस माणसं वाफेला लावलेल्या मोदकांसारखी फुगायला लागली. मी पेटी घेऊन इस्त्रीच्या पँटीसकट शिडी चढलो.

छतावर पॅनेल उघडलं आणि मीच हादरलो. पंख्याला गुंडाळून बसलं होतं एक फडकं. चौकड्याचं. माझ्या जुन्या शर्टाच्या बाहीचं. गुणगुणता गुणगुणता मी ते आत विसरलो होतो! पंखा अडकला, मशीन तापलं, वायर जळाली. मी इकडेतिकडे बघितलं (छतावर कोण असणार?) आणि फडकं झटकन खिशात कोंबलं. मग वायर बदलायला बसलो.

खालून डक्टमधून बँजो ऐकू येत होता. तेवढंच समाधान. पण हळूहळू त्याचा आवाज बसायला लागला. टणटण करणारा बँजो डबडब करायला लागला. मग थांबलाच.

खाली काय झालं ते मला नंतर शुभाने सांगितलं. टॅगर्टचा बँजो त्याच्या आजोबांचा होता आणि त्याला अस्सल कातडं होतं. एसी गेला, दारं उघडली, ओली हवा आत आली आणि कातडं सैल पडलं. त्याने किल्लीने ताणून बघितलं. जास्त ताणलं तर फाटेल. शेवटी त्याने हात जोडून लोकांची माफी मागितली: कातडं वाळेपर्यंत मला वाजवता येणार नाही.

लोक खुर्च्या सरकवायला लागले. आणि आमची नारायणपेठी उभी राहिली!

"शुभा, त्यांना सांग, शेकायला पाहिजे."

शुभाने कॅफेभर ऐकू जाईल अशा आवाजात भाषांतर केलं, "सर, माय मदर सेज यू हॅव टू रोस्ट इट."

सगळे हसले. टॅगर्ट हसला नाही. त्याने सुनंदाकडे बघितलं. सुनंदा पुढे झाली, वाकून तिने एका बोटाने कातड्यावर मध्ये टिचकी मारली, मग कडेला मारली, कान लावला. माझे सासरे शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवायचे. ढोल शेकायचं काम लहानपणापासून हिच्याकडे. पण हे टॅगर्टला कुठून माहीत? त्याने फक्त ती टिचकी ऐकली आणि आजोबांचा बँजो तिच्या हातात दिला.

इकडे मी छतावर. किचनच्या छताला हवेसाठी एक चौकोनी भोक होतं. सहज आत डोकावलो. खाली खुबूस भाजायचा मोठा तवा तापलेला आणि त्यावर माझी बायको वेंडल टॅगर्टचा बँजो भाजतेय!

"अगं ए! काय करतेस! सोड ते!"

तिने वरही बघितलं नाही. "तुम्ही तुमचं बघा."

शिडीच्या किती पायऱ्या मी वापरल्या ते मला माहीत नाही. शेवटच्या चार तरी नाहीत. धापा टाकत, तोंडाला काजळी, ढोपराला खरचटलेलं, असा मी किचनमध्ये घुसलो आणि बँजोवर झडप घालणार तोच एक हात आडवा आला. टॅगर्टचा.

"सर," तो शांतपणे म्हणाला, "प्लीज लेट द लेडी वर्क."

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात लाडक्या कलावंताने मला उद्देशून उच्चारलेले हे पहिले शब्द! आणि ते मला बाजूला करण्यासाठी!

मी भिंतीला टेकून बघत राहिलो. सुनंदा वीतभर अंतर राखून बँजो गोल फिरवत होती. मध्येच टिचकी. पुन्हा फिरवणं. टॅगर्ट तिच्याशेजारी उभा राहून हाताची घडी घालून बघत होता, शागिर्दासारखा. हळूहळू डबडबचं ठणठण झालं. तिने पदराने कड पुसली आणि बँजो त्याला परत दिला. त्याने एक तार छेडली. मग दुसरी. आणि असा काही हसला की पोस्टमास्तरला बढतीच मिळाली!

"अहो," सुनंदा माझ्याकडे वळली, "यांचं झालं. तुमचं कधी होणार?"

मी निमूट वर गेलो. पाच मिनिटांत एसी सुरू झाला. खाली आलो तर टाळ्या! लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते! अबू खलीलने मला मिठी मारली. "मुहान, मेरा भाई! तुम नहीं होता तो सब खलास!"

मी नम्रपणे मान झुकवली. तेवढ्यात शुभा म्हणाली, "बाबा, व्हाय इज युवर शर्ट कमिंग आउट ऑफ युवर पॉकेट?"

चौकड्याची काळवंडलेली बाही खिशातून वीतभर लोंबत होती. सुनंदाने बाहीकडे बघितलं, वर एसीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं. वर्षानुवर्षं ती बाहीच तर धुवत होती! टाळ्या चालूच होत्या. आता ही तोंड उघडणार आणि अबू खलील मला शिडीसकट बाहेर फेकणार.

"आत कोंबा ते," ती पुटपुटली, "आणि खाली बसा."

मी खरोखरच खाली बसलो, कारण माझ्या खुर्चीवर फिडलची पेटी ठेवलेली होती. किचनच्या दाराशी, फरशीवर.

मग टॅगर्ट वाजवायला लागला, आणि तसं मी परत कधी ऐकलं नाही. तीन बोटं गलबताच्या वल्ह्यांसारखी चाललेली, पण चेहरा एकदम निवांत. गजरा गुंफता गुंफता गप्पा मारणाऱ्या बाईसारखा. बँजो घाईत, माणूस सावकाश! शेवटी त्याने एक संथ तुकडा घेतला. आजोबा कोळशाच्या खाणीतून आले की उंबऱ्यात बसून हा वाजवायचे, म्हणाला. त्यानंतर खोकला, खुर्ची, कप, कशाचाच आवाज आला नाही. मल्याळी वेटर हातात ट्रे घेऊन जिथल्या तिथे उभा राहिला. मला माझे वडील दिसले, होडी ओढून आल्यावर ओटीवर पाय धुणारे. ते कधी काही वाजवायचे नाहीत, तरी दिसले.

सुनंदाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते. "काय हात आहे हो माणसाचा!" ती म्हणाली. "त्या कॅसेटमध्ये यातलं काहीच येत नाही."

कार्यक्रम संपल्यावर टॅगर्ट थेट तिच्यापाशी आला. हे कुणी शिकवलं, त्याने विचारलं.

"सांग, बापाने," सुनंदा म्हणाली.

"हर फादर," शुभा म्हणाली.

त्याने मान डोलवली. सुनंदानेही डोलवली. दोघांचं एवढंच बोलणं झालं, पण पूर्ण झालं.

मग तो माझ्याकडे वळला आणि त्याने हात पुढे केला. मला त्याला सांगायचं होतं की परमुलखात माझ्या कित्येक संध्याकाळी त्याच्या हातांनी तारून नेल्या आहेत. की इतकी वर्षं घरात एकटा असतानाही मी एकटा नव्हतो. इंग्रजीत तसं वाक्यही मी रात्रभर घोकून ठेवलं होतं. मी त्याचा हात धरला. वाक्य पळालं. मागे उरला फक्त मेकॅनिक.

"सर," मी म्हणालो, "फिल्टर. एव्हरी मंथ क्लीनिंग."

टॅगर्टने चष्मा चढवला, मला नीट बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "येस, सर. आय विल."

एवढंच आमचं संभाषण. त्या थोर कलावंताच्या घरचा एसी पुढे कधी बिघडला असेल, तर निदान तेवढा एक दोष तरी माझा नाही!