बंदरावर कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई

डॉ. कुमुद देवस्थळी यांच्या वर्सोव्यातल्या दवाखान्यात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी मुलुंडहून पोचायला मला उशीर झाला. ओरडा खायच्या तयारीने दारात उभी राहिले, तर बाई म्हणाल्या, "आधी पाणी प्या. उशीर का झाला ते मग सांगा." आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांचा हा स्वभाव तसाच आहे. फक्त स्वतःच्या बाबतीत त्या अशा कधी वागल्या नाहीत.

गजानन तेव्हा एका बोटीवर खलाशी होता. जन्मापासून त्याच्या कातडीत रंगच नव्हता. केस, पापण्या सगळे पांढरे. कानावर जखम घेऊन तो आला. बाईंनी मलम दिले आणि उन्हात जाऊ नकोस म्हणून बजावले.

"बाय, उन्हाला भिऊन घरी बसलू, त पोरां काय खातील?"

"मग निदान कान तरी झाकून घेत जा."

तो हसला. डोक्याला रुमाल बांधायचा, पण कान उघडाच राहायचा. जखमेवर खपली धरे, पुन्हा निघे. खाऱ्या पाण्याने चिघळत असेल, असे बाईंना वाटले. पावसाळा सरून बोटी पुन्हा निघाल्या, तेव्हा त्याच्या मानेत गाठ आली होती. बाई स्वतः त्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. कॅन्सर होता. कान काढला, बाई पट्टी बदलायला त्याच्या घरी जात राहिल्या, पण उशीर झाला होता. पुढच्या होळीला गजानन नव्हता.

त्यानंतर बोटी लागायच्या वेळी बाई दवाखाना बंद करून बंदरावर जाऊ लागल्या. खलाशांचे कान, खालचा ओठ, मान बघायच्या. काळी कातडी ऊन बरेच सोसते, पण सगळे नाही. महिनाभरात न भरणारी जखम दाखवलीच पाहिजे, असे पुन्हा पुन्हा सांगायच्या. बोटीचा प्रमुख, तांडेल, ओरडायचा, "बाय आयली रं, कान धरून हुबं रावा!" बाईही हसायच्या. एका म्हाताऱ्या खलाशाच्या ओठावरची जखम अशीच वेळेवर सापडली. ते आजही जाळी विणतात.

गजाननच्या बायकोला, हिराला, बाईंनी दवाखान्यात शिवणकाम दिले. खलाशांसाठी रुंद काठाच्या, मानेवर पडदा असलेल्या टोप्या. पहिल्या टोप्या वाऱ्याने उडाल्या, तेव्हा हिरानेच हनुवटीखाली नाडी लावली. तरी निम्म्या टोप्या घरात खुंटीवरच राहिल्या. याचे बाईंना अजून वाईट वाटते.

साठीनिमित्त आम्ही ठरवलेल्या या गौरवाला त्या तयार नव्हत्या. "गजाननचा कान माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही. माझा कसला सत्कार करता?"

हिरा तिथेच मशीनवर बसली होती. म्हणाली, "बाय, तो गेला त्याचा माना राग नाय. तो गेल्यावर तुमी आमच्या घरा येवाचं सोडलं, त्याचा हाय."

बाई म्हणाल्या, "रविवारी येते."

आणि त्या गेल्या. मी सोबत होते. उंबऱ्यापाशी त्यांचे पाय अडखळले, तेव्हा हिराने हात धरून त्यांना आत नेले.

बाईंची प्रकृती ठणठणीत राहो. आणि त्यांना आयुष्य लाभो ते खूप मोठे, स्वतःला माफ करायला पुरेल एवढे.